लाभ

डॉक्टरीणबाईंनी झोपेची गोळी दिली नाही.
म्हणाल्या, एक वही घ्या. रोज रात्री
दिवसातलं एक तरी चांगलं लिहा आणि आभार माना.
वह्या माझ्याकडे ढीगभर.
वरुडपासून सात किलोमीटरवर
संत्र्याच्या शेडवर मुनीम आहे मी.
आवक, जावक, सड, ट्रकभाडं,
सतरा वर्षं झाली.

पहिल्या रात्री लिहिलं: निरंक.
दुसऱ्या रात्री: निरंक.
तिसऱ्या रात्री: वरीलप्रमाणे.
चौथ्या रात्री वही उशाखाली घालून पडलो.
लाइन होती, पोरीचा श्वास नीट चालला होता,
पण ते जमेत धरायचं असतं
हे मला कुठं माहीत.

आणि आभार तरी कोणत्या शब्दात मानायचे?
आमच्याकडे धन्यवाद कुणी म्हणत नाही.
विहिरीतून पोट्टं वर काढून दिलं
तरी माय म्हणते, "बरं झालं बाप्पा, तू होता."
इतकंच. आणि चहा मांडते.

शेडवर गुंफाबाई संत्री मोजते.
दोन हातांत सहा फळं, क्रेटमध्ये सोडते, बोलते:
लाभ, दोन, तीन, चार...
सतरा वर्षं हेच ऐकत आकडे मांडले.
त्या दिवशी पेन थांबला.
"गुंफाबाई, एक काऊन म्हणत नाही?"
तिचे हात काही थांबले नाहीत.
"पयल्याले मोजत नसते जी. पयलं आलं, हेच लय झालं.
मोजनं दुसऱ्यापासून.
आता बोलू नका, तेरा झाले."

रात्री मागची निरंकं खोडली.
हिशोबात खाडाखोड चालत नाही. तरी खोडली.
लाभ: शेडच्या पायरीवर ऊन साडेदहापर्यंत टिकलं.
लाभ: मालाचा ट्रक घेऊन जाताना ड्रायव्हरनं हात केला. ओळख नव्हती.
लाभ: माझी पोळी पाहून पोरगी म्हणाली,
बाबा, हा तर गडचिरोली जिल्हा झाला.
लाभ: वनमालाचं स्वेटर सापडलं, पेटीच्या तळाशी.
वास गेला होता त्याचा.
सापडलं पण.

काही रात्री खोटंही लिहिलं.
कालचंच उतरवलं, तारीख बदलून.
डॉक्टरीणबाई वही तपासत नाहीत, बरं आहे.

फेब्रुवारीत गार पडली.
पंधरा मिनिटं.
मृगाचा सगळा बहार झाडांखाली,
जिकडे पाहावं तिकडे फुटलेलं पिवळं,
आणि दुपारभर त्या वासानं डोकं धरलेलं.
शेडला कुलूप.
गुंफाबाई पायरीवर, हात मांडीवर उताणे ठेवून.
त्या रात्री लिहिलं लाभ, दोन टिंबं दिली,
आणि पुढे काही येईना.
दहाला येईना, अकराला येईना.
वही उघडीच राहिली, मी कधी आडवा झालो कळलं नाही.

सकाळी त्या टिंबांपुढे पेन्सिलीचं अक्षर,
सातवीतलं, ओळ सोडून वर चढणारं:
बाबा रात्री घोरत होते.

दोनदा वाचलं.
बाजूला सही केली, मुनीम करतो तशी, तारखेसकट.

झोपेचं म्हणाल तर अजूनही मोडते.
पूर्वी अडीचला मोडायची, आता साडेचारला.
ते दोन तास कुठल्या खात्यात धरावे, ठरलेलं नाही.

शेडवर गेलो तेव्हा गुंफाबाई
मालकाच्या बगिच्यात, चिखलात,
एकेक फळ उचलून, फिरवून, हुंगून टाकून देत होती.
टोपली रिकामी.
मी कुंपणाशी उभा. बरा वेळ गेला.
मग एक तिनं पदराला पुसलं, ठेवलं.
"लाभ," म्हणाली,
आणि दुसऱ्यासाठी वाकली.